गोल्फच्या स्विंगमधील श्रोणीचे वळण : एका उपदेशाचा इतिहास

खेळांच्या इतिहासाचे लेखन बहुधा विजेत्यांच्या नामावळीत, संस्थांच्या स्थापनेत आणि नियमांच्या फेरबदलांत अडकून पडते. खेळणाऱ्या शरीराचा इतिहास त्यात क्वचितच येतो. वस्तुतः एखादी हालचाल एका पिढीला स्वाभाविक वाटते, दुसरीला ती दोषास्पद वाटते आणि तिसरी पिढी तीच हालचाल नव्या नावाने परत आणते. हा फेरा का पडतो, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येण्याजोगा आहे. गोल्फ हा खेळ त्याच्या अभ्यासास विशेष सोयीचा ठरतो. यात चेंडू स्थिर असतो, खेळाडू आपल्या सवडीने उभा राहतो, प्रतिस्पर्धी त्याच्या आड येत नाही. त्यामुळे फटका चुकला तर त्याचे खापर स्वतःच्या शरीराखेरीज दुसऱ्या कशावर फारसे फोडता येत नाही. म्हणूनच की काय, कसे उभे राहावे, कसे वळावे, काठी कशी फिरवावी यांविषयी या खेळाने जेवढे उपदेशपर वाङ्मय निर्माण केले, तेवढे फार थोड्या खेळांनी केले असेल.

या वाङ्मयात सर्वांत वादग्रस्त ठरलेला भाग म्हणजे कटिप्रदेश. तो किती वळावा, केव्हा वळावा, आधी सरकावा की आधी वळावा, चेंडूपाशी उभे राहताना त्याचा रोख कोणत्या दिशेस असावा, या प्रश्नांची उत्तरे गेल्या तीन शतकांत अनेकदा उलटसुलट झाली. ही उत्तरे सर्वकालीन नियम म्हणून मांडली गेली असली, तरी त्यांतील प्रत्येक उत्तर हे एका विशिष्ट खेळाडूच्या विशिष्ट दोषावरचा, त्या काळच्या साधनांनी ठरवून दिलेला उपाय होते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. उपायाला नियमाची प्रतिष्ठा मिळाली की तो ज्याला रोग नाही त्यालाही दिला जातो, आणि त्याची किंमत शरीराला मोजावी लागते.

प्रथम शब्दांचा विचार करणे अवश्य आहे. इंग्रजी भाषेतील ‘हिप’ हा शब्द मोठा संदिग्ध आहे. शिवणकाम करणारा त्याने एक भाग दाखवितो, शस्त्रवैद्य दुसरा, आणि गोल्फचा शिक्षक बहुधा तिसराच. मराठीत याच प्रदेशासाठी निरनिराळे शब्द आहेत आणि ते येथे उपयोगी पडतात. बरगड्यांखालचा मऊ, बारीक भाग ती कंबर. तिच्याखालचे हाडांचे कडे ती श्रोणी. आणि त्या कड्याच्या दोन्ही बाजूंस मांडीच्या हाडाचा गोल माथा जेथे बसतो तो खुबा. ‘कमरेतून वळणे’ आणि ‘खुब्यातून वळणे’ या दोन अगदी भिन्न क्रिया होत. पहिलीत श्रोणी जागच्या जागी राहते आणि तिच्यावरचा कणा पिळला जातो; दुसरीत श्रोणी स्वतः मांड्यांच्या हाडांवर फिरते आणि कणा तिच्याबरोबर जातो. इंग्रजी उपदेशग्रंथांत या दोन क्रियांची सरमिसळ वारंवार झालेली आढळते, आणि पुढील इतिहासातील निम्मा घोटाळा त्या सरमिसळीचा आहे.

गोल्फच्या शिक्षणाविषयी उपलब्ध असलेले सर्वांत जुने टिपण एडिंबरो येथे वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या थॉमस किंकेड या तरुणाच्या रोजनिशीत सापडते. काळ १६८७ च्या जानेवारीचा. गोल्फ खेळताना तलवारीच्या पट्टेबाजीत जसा पवित्रा घेतात तसाच घ्यावा, पाय किंचित वाकवावेत, पायांचे, पाठीचे व हातांचे स्नायू ताठ ठेवावेत आणि चेंडू छातीसमोर पण थोडा डाव्या पायाकडे असावा, असे तो लिहितो. याहून महत्त्वाची त्याची सूचना पुढची आहे : शरीराचे सारे वळणे केवळ पायांवर व्हावे. शरीररचनेचा अभ्यास करणाऱ्याने केलेली ही नोंद आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे तिचा अर्थ स्पष्ट होतो. किंकेडला वळण कमरेत नको होते. ते कमरेखाली हवे होते. ही रोजनिशी खासगी होती. तिच्यावरून कोणी शिकले नाही आणि तिच्यातून कोणतीही परंपरा निघाली नाही. तथापि एका हुशार निरीक्षकाला, कोणत्याही उपकरणावाचून, स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून काय दिसू शकते याचा ती उत्तम पुरावा आहे.

एकोणिसाव्या शतकात छापील उपदेशास आरंभ झाला. १८५७ मध्ये हेन्री ब्रूम फार्नी याने ‘अ कीन हँड’ या टोपणनावाने ‘द गोल्फर्स मॅन्युअल’ हे पुस्तक प्रसिद्ध केले; गोल्फच्या शिक्षणावरील पहिले स्वतंत्र गद्य पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. (हाच गृहस्थ पुढे लंडनच्या रंगभूमीसाठी संगीतिकांच्या संहिता लिहून अधिक प्रसिद्धीस आला.) त्या काळच्या काठ्यांचे डोके लाकडी व लांबट असे, दांडे लांब व लवचीक असत, आणि काठी जमिनीशी सपाट कोन करून बसे. अशी काठी उभ्या रेषेत वर नेणे सोयीचे नव्हते. ती शरीराभोवती गोल फिरवावी लागे. उजवा पाय मागे घेऊन, श्रोणीचा रोख लक्ष्याच्या उजवीकडे ठेवून, साऱ्या शरीराने एक मोठे आवर्तन घ्यावयाचे, ही सेंट अँड्र्यूजची म्हणून ओळखली जाणारी पद्धत त्या काठीतून निघाली. कटिप्रदेशाच्या वळणाचा स्वतंत्र विचार करण्याची तेथे कोणाला गरज भासली नाही. शरीर एकसंध फिरत होते, आणि जे एकसंध फिरते त्याचे अवयव वेगळे मोजण्याची कल्पना सहसा सुचत नाही.

ती कल्पना छायाचित्राने सुचविली. सर वॉल्टर सिंप्सन यांच्या ‘द आर्ट ऑफ गोल्फ’ (१८८७) या ग्रंथात ए. एफ. मॅकफी यांनी घेतलेली क्षणचित्रे होती. त्यानंतर १९०४ मध्ये जॉर्ज बेल्डम यांचा ‘ग्रेट गोल्फर्स’ हा सचित्र ग्रंथ निघाला. बेल्डम हे नाव क्रिकेटच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. पुढे सरसावून फटका मारणाऱ्या व्हिक्टर ट्रंपरचे जगप्रसिद्ध छायाचित्र त्यांचेच. त्यांच्या कॅमेऱ्याने गोल्फपटूंची गती क्षणभर गोठविली आणि खेळाडू स्वतःविषयी जे सांगतो ते व तो प्रत्यक्षात जे करतो ते यांची तुलना करणे प्रथमच शक्य झाले.

या तुलनेचे सर्वांत बोलके उदाहरण हॅरी व्हार्डन हे होय. ब्रिटिश ‘ओपन’ स्पर्धा १८९६ ते १९१४ या काळात सहा वेळा जिंकणाऱ्या या खेळाडूने १९०५ मध्ये ‘द कम्प्लीट गोल्फर’ हा ग्रंथ लिहिला. काठी वर नेताना शरीर केवळ कमरेतून फिरावे आणि इंचभरही बाजूस झुलू नये, असा त्याचा दंडक आहे. परंतु त्याच काळातील त्याची छायाचित्रे पाहिली, तर डावी टाच उचललेली, डावा गुडघा आत वळलेला आणि श्रोणी चांगलीच उजवीकडे फिरलेली दिसते. म्हणजे किंकेडने सांगितलेले व्हार्डन करीत होता आणि सांगत मात्र त्याच्या उलट होता. यात अप्रामाणिकपणा मुळीच नाही. व्हार्डनला झुलण्याचा दोष टाळावयाचा होता. तो टळावा म्हणून त्याने स्वतःस जे बजावले असेल तेच त्याने वाचकासही बजावले. त्याला जाणवत होते ते वळण कमरेचे होते. शरीराच्या मालकाला शरीराची जी बातमी मिळते ती नेहमी खरी असतेच असे नाही, ही गोष्ट येथे प्रथमच नोंदीत आली. मात्र तिची दखल घेण्यास आणखी साठ वर्षे लागली.

व्हार्डनच्या काळात आणखी एक बदल झाला. पूर्वीचा मागे घेतलेला उजवा पाय त्याने पुढे आणला आणि श्रोणीचा रोख किंचित लक्ष्याकडे उघडा केला. त्याची स्विंग सेंट अँड्र्यूजच्या स्विंगपेक्षा उभी होती. १९०२ मध्ये सँडी हर्डने रबराचा धागा गुंडाळून बनविलेल्या हॅस्केल चेंडूने ‘ओपन’ जिंकली आणि जुना गटापर्चाचा चेंडू झपाट्याने मागे पडला. चेंडू अधिक लांब जाऊ लागल्यावर फटक्याच्या जोराइतकेच दिशेस महत्त्व आले, आणि दिशेच्या चर्चेबरोबर पाय, श्रोणी व खांदे यांच्या रोखाची चर्चा सुरू झाली. पायांची ओळ लक्ष्याशी समांतर असली म्हणजे श्रोणीचीही असते, हा त्या चर्चेतील भ्रम आजही पुष्कळांच्या ठायी आढळतो. दोन्ही बोटे एका सरळ रेषेत ठेवूनही दोन खुब्यांना जोडणारी रेषा डावीकडे किंवा उजवीकडे वळलेली राहू शकते. एक गुडघा थोडा अधिक वाकविला तरी तेवढे पुरते.

स्त्रियांच्या खेळाबाबत या काळातील पुरावा फार तोकडा आहे. १९२० ते १९२४ अशी सलग पाच वर्षे इंग्लंडची महिला स्पर्धा जिंकणारी जॉयस वेदरेड ही तिच्या समकालीनांत अत्यंत डौलदार स्विंगसाठी नावाजली होती. परंतु त्या काळच्या लांब झग्यांमुळे छायाचित्रांत श्रोणीची हालचाल नीटशी दिसत नाही. उपदेशाचे वाङ्मय पुरुषांच्या शरीरावर बेतले गेले याची अनेक कारणे असतील. वस्त्राची ही साधी अडचण त्यांतील एक मानावयास हरकत नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या प्रश्नाला खरी कलाटणी मिळाली ती काठीच्या दांड्यामुळे. हिकरी लाकडाचा दांडा जसा वाकतो तसा स्वतःभोवती पिळलाही जातो. शरीराने एकदम जोर केला, तर डोके मागे राहून उघडे पडते. म्हणून हिकरीच्या खेळाडूस हात व मनगटे यांच्या नाजूक वेळसाधनेने ते परत जागी आणावे लागे. पोलादी दांडा फारच कमी पिळला जातो. १९२० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत आणि १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला मान्यता मिळाली. हातांची कसरत आता तितकीशी आवश्यक राहिली नाही. किंबहुना ती अपायकारक ठरू लागली, कारण न पिळल्या जाणाऱ्या दांड्यावर तीच कसरत केली की चेंडू डावीकडे वळून जाई. मग पायांपासून वर येणारा जोर थेट काठीपर्यंत पोचविणे शक्य झाले आणि कटिप्रदेश शिक्षकांच्या चर्चेत अग्रभागी आला.

या संधिकालातील सर्वांत मोठा खेळाडू बॉबी जोन्स. १९३० मध्ये एकाच वर्षात चार प्रमुख स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम त्याने हिकरीच्या काठ्यांनीच केला. १९३१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्याच्यावर काढलेल्या बारा लघुचित्रपटांमुळे त्याची स्विंग हजारो लोकांनी पडद्यावर पाहिली. दोन्ही पाय जवळ, डावी टाच उचललेली आणि श्रोणी मोकळेपणी पुष्कळ फिरलेली. त्यानंतर खाली येताना श्रोणी प्रथम उलगडते आणि हात मागून येतात. हा क्रम जोन्सने लेखांतूनही आग्रहाने मांडला. येथे वर नेण्याच्या क्रियेस बॅकस्विंग आणि खाली आणण्याच्या क्रियेस डाउनस्विंग हे रूढ शब्दच वापरलेले बरे. कारण पुढचा सारा वाद या दोहोंच्या सांध्यावर, म्हणजे दिशा बदलण्याच्या त्या अल्प क्षणावर, केंद्रित झालेला आहे.

विरुद्ध बाजूही दुर्बळ नव्हती. इंग्लंडमधील अर्नेस्ट जोन्स या व्यावसायिक खेळाडूचा उजवा पाय पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, गुडघ्याखाली निकामी होऊन कापावा लागला. बरा होऊन एका पायावर तो पुन्हा खेळावयास उतरला आणि पहिल्याच फेरीत त्याने ८३ फटक्यांची नोंद केली. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याने दीर्घकाळ शिकविले. त्याचे मत असे की, काठीचे डोके हातांनी झुलवावे. शरीर त्यामागे आपोआप येते, त्याला वेगळी आज्ञा देऊ नये. उजव्या पायावर भार देण्याचा प्रश्नच ज्याच्यापुरता मिटला होता त्याने हे सांगावे यात नवल नाही, असे म्हणून त्याचे मत सहज बाजूस सारता येईल. पण ते न्याय्य होणार नाही. श्रोणीला मुद्दाम हुकूम सोडल्याने शिकाऊ माणसाची स्विंग अनेकदा तुकड्यातुकड्यांची होते, हे निरीक्षण दोन पायांच्या विद्यार्थ्यांवरूनच केलेले होते.

पॅरिसजवळ सें-क्लू येथे शिकविणारा पर्सी बूमर याने मधला मार्ग काढला. १९४२ च्या ‘ऑन लर्निंग गोल्फ’ या पुस्तकात त्याने पिंपाची प्रतिमा योजिली : खेळाडू कटिप्रदेशापर्यंत उंच अशा एका पिंपात उभा आहे आणि त्याला पिंपाच्या कडेला न धडकता आत वळावयाचे आहे. ही प्रतिमा नामी आहे. तिच्यात ‘झुलू नको’ हा निषेध आहे आणि ‘वळ’ हा विधीही आहे. शिवाय ती श्रोणीकडे लक्ष वेधते, कमरेकडे नव्हे. व्हार्डनच्या वाक्यातील घोटाळा एका पिंपाने मिटविला असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. तिची उणीव एवढीच की, डाउनस्विंगच्या आरंभी श्रोणी लक्ष्याकडे थोडी सरकावीच लागते, त्याला त्या पिंपात फारशी जागा नाही. हीच सरक बायरन नेल्सनच्या खेळात ठळकपणे दिसली. पोलादी दांड्यास अनुरूप स्विंग प्रथम त्यानेच घडविली असे सामान्यतः मानले जाते. गुडघे वाकलेले ठेवून दोन्ही पायांनी लक्ष्याकडे रेटा देत त्याने १९४५ मध्ये लागोपाठ अकरा स्पर्धा जिंकल्या. वळणे आणि सरकणे हे दोन पक्ष अशा रीतीने समोरासमोर उभे राहिले.

या वादाचा निकाल लावणारा ग्रंथ म्हणून बेन होगन याच्या ‘फाइव्ह लेसन्स’कडे बोट दाखविले जाते. हर्बर्ट वॉरन विंड यांच्या सहकार्याने लिहिलेली आणि अँथनी राव्हिएली यांच्या रेखाचित्रांनी सजलेली ही लेखमाला १९५७ मध्ये प्रथम ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकात आली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा प्रभाव असा की, तिच्यानंतरची बहुतेक पुस्तके एक तर तिच्या बाजूने किंवा तिच्या विरुद्ध लिहिलेली आहेत.

होगनची व्यवस्था थोडक्यात अशी. उजवे पाऊल चेंडूच्या मार्गाशी काटकोनात, डावे पाऊल पाव वळण बाहेर. उजव्या पावलाच्या त्या ठेवणीमुळे बॅकस्विंगमध्ये श्रोणी फार फिरू शकत नाही आणि डाव्याच्या ठेवणीमुळे डाउनस्विंगमध्ये तिला वाट मोकळी मिळते. खांदे सुमारे ९० अंश वळावेत, श्रोणी सुमारे ४५. या फरकामुळे धडाच्या स्नायूंना ताण बसतो. मग डाउनस्विंगचा आरंभ श्रोणी डावीकडे वळवून करावयाचा. हातांनी नव्हे, खांद्यांनी नव्हे. ही कल्पना ठसविण्यासाठी एक लवचीक पट्टा डाव्या खुब्यास बांधून त्याचे दुसरे टोक मागच्या भिंतीस अडकविले आहे असे चित्र दिले आहे. बॅकस्विंगमध्ये तो पट्टा ताणला जातो आणि सोडताच श्रोणीला खेचून नेतो. भार पुढे नेण्यापुरती बाजूची सरक हवी हे होगन मान्य करतो, पण अगदी ओझरते.

या ग्रंथाभोवती एक आख्यायिका गुंफली गेली आहे. २ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमध्ये व्हॅन हॉर्न गावाजवळ होगनच्या मोटारीवर समोरून येणारी प्रवासी बस आदळली. पत्नीला वाचविण्यासाठी तो आडवा झाला. त्याच्या श्रोणीचे हाड दोन ठिकाणी मोडले. गळपट्टीचे हाड, बरगडी आणि डावा घोटा यांनाही दुखापत झाली. पुढे रक्ताच्या गाठी हृदयाकडे जाऊ नयेत म्हणून शस्त्रवैद्यांनी पोटातील मुख्य नीला बांधून टाकली, आणि त्यामुळे त्याचे पाय कायमचे सुजरे झाले. त्यानंतर सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून चालणाऱ्या या माणसाने मेरियन येथे अमेरिकन ‘ओपन’ जिंकली, आणि १९५३ मध्ये तीन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. ज्याची श्रोणी मोडली त्यानेच श्रोणीचे महत्त्व ओळखले, ही कथा म्हणूनच सांगावयास फार सोयीची आहे.

परंतु कालानुक्रम तिला आधार देत नाही. होगनचे ‘पॉवर गोल्फ’ हे पहिले पुस्तक १९४८ मध्ये, म्हणजे अपघाताच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले होते, आणि डाउनस्विंगचा आरंभ श्रोणीने करावा हे त्यातही आहे. त्या सिद्धांताचे मूळ अपघातात नसून त्याच्या आधीच्या एका दीर्घ त्रासात आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू झपकन् डावीकडे वळून खाली बसतो त्याला हुक म्हणतात. कारकिर्दीची पहिली कित्येक वर्षे होगन या हुकने गांजलेला होता. हात लवकर उलटले की हुक होतो. हात उलटण्यापूर्वी श्रोणी जोराने डावीकडे वळवून टाकली, की काठीचे डोके मागे राहते, मुख उघडे राहते आणि हुक नाहीसा होतो. होगनची पकड, त्याचे मनगट आणि त्याची श्रोणी ही सारी या एका शत्रूविरुद्ध रचलेली तटबंदी होती.

सामान्य खेळाडूचा शत्रू मात्र वेगळा असतो. त्याचा चेंडू उजवीकडे वळतो, म्हणजे स्लाइस होतो. अशा माणसाने होगनचे पुस्तक वाचून श्रोणी जोरात फिरविली, तर त्याचे खांदेही तिच्याबरोबर फिरतात, काठी बाहेरून आत येते, मुख आधीच उघडे असते, आणि स्लाइस दुणावतो. लाखो वाचकांनी एका असाधारण माणसाच्या आजाराचे औषध आपल्या विरुद्ध आजारावर घेतले, असेच म्हणावे लागते. यात होगनचा दोष मर्यादित आहे. त्याने आपली पद्धत प्रामाणिकपणे सांगितली. ती ‘आधुनिक मूलतत्त्वे’ या उपशीर्षकाखाली सार्वत्रिक म्हणून मांडली गेली, हे मात्र त्याला व त्याच्या सहलेखकाला टाळता आले असते.

शब्दांवर विसंबणे सोडून मोजमापाकडे वळण्याचे श्रेय १९६८ च्या ‘सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या ग्रंथास द्यावे लागेल. ‘गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन’ने पुरस्कृत केलेल्या संशोधनावर अ‍ॅलिस्टर कॉकरन आणि जॉन स्टॉब्ज यांनी तो लिहिला. त्यापूर्वी, १९३८ मध्ये, हॅरॉल्ड एजर्टन यांनी डेन्समोर शूट या खेळाडूचे अनेक चमकांनी घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहेच. पण त्यात काठीचा मार्ग जितका स्पष्ट, तितके धड एकमेकांवर चढलेल्या आकृत्यांत हरवलेले. कॉकरन व स्टॉब्ज यांनी स्विंगचे एक सरळ प्रतिमान बांधले : हात हा एक दांडा, काठी हा दुसरा, त्यांच्यामध्ये मनगटाची बिजागरी, आणि या साऱ्याला फिरविणारा मध्यवर्ती तुंबा. तो तुंबा म्हणजे धड. काठीच्या डोक्यात जी शक्ती उतरते ती केवळ हातांच्या स्नायूंतून येणे अशक्य आहे, ती पाय व कटिप्रदेश येथील मोठ्या स्नायूंतून यावयास हवी, असे त्यांचे गणित निघाले. डाउनस्विंग सुमारे पाव सेकंदात संपते आणि चेंडूशी स्पर्श अर्ध्या सहस्रांश सेकंदाच्या आसपास टिकतो. इतक्या वेळात खेळाडू काही पाहून सुधारू शकत नाही. म्हणजे त्याला जे ‘जाणवते’ ते पुष्कळसे आधी ठरविलेल्या हेतूचे प्रतिबिंब असते. व्हार्डनच्या कमरेचे कोडे येथे सुटते.

पुढे त्रिमिति मापनाची साधने आली आणि क्रम पक्का झाला. निष्णात खेळाडूंत प्रथम श्रोणी आपल्या कमाल वेगास पोचते व मंदावते, मग छाती, मग हात, शेवटी काठी. प्रत्येक भाग मंदावताना आपली गती पुढच्यास देतो. बॅकस्विंग पूर्ण होण्यापूर्वीच श्रोणी उलट दिशेस निघालेली असते, आणि प्रथम ती लक्ष्याकडे थोडी सरकते, मग वळते. नेल्सन आणि होगन दोघेही बरोबर होते. एकाने आधीचा भाग पाहिला, दुसऱ्याने नंतरचा.

हा समेट फार काळ टिकला नाही. १९९२ मध्ये जिम मॅकलीन या अमेरिकन शिक्षकाने, माइक मॅकटीग यांच्या मापनांच्या आधारे, ‘एक्स-फॅक्टर’ ही कल्पना मांडली. खांद्यांची रेषा व श्रोणीची रेषा वरून पाहिल्या असता एकमेकींस छेदून फुलीसारखी आकृती होते. त्या दोहोंतील अंतर जितके अधिक, तितका फटका लांब, असा तिचा आशय. मापने खरी होती. अनुमानही सर्वस्वी चूक नव्हते. मात्र डाउनस्विंगच्या आरंभी हे अंतर आणखी किती वाढते यास अधिक महत्त्व आहे, असे २००१ मध्ये फिलिप चीथम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. अनर्थ झाला तो अंमलबजावणीत. अंतर वाढविण्याचे दोन मार्ग असतात : खांदे अधिक वळविणे किंवा श्रोणी कमी वळविणे. दुसरा मार्ग शिकविण्यास सोपा. तेव्हा डावी टाच जमिनीला चिकटवा, उजवा गुडघा पक्का ठेवा, श्रोणी रोखा आणि तिच्यावर खांदे पिळा, हा मंत्र सराव-मैदानांवर घुमू लागला.

येथे शरीररचनेचा हिशेब मांडणे जरूर आहे. कमरेच्या पाच मणक्यांचे सांधे पुढे-मागे वाकण्यासाठी घडलेले आहेत. त्यांची वळण्याची क्षमता फार थोडी, प्रत्येकी एक-दोन अंशांची, पाचांची मिळून एका बाजूस दहा अंशांच्या आसपास. छातीच्या भागातील मणके अधिक, सुमारे तीसपस्तीस अंश वळू शकतात, आणि खांद्याची पाती बरगड्यांवर सरकून आणखी काही भर घालतात. म्हणजे श्रोणी ४५ अंश वळली तर खांद्यांचे ९० अंश कसेबसे जुळतात. श्रोणी ३० वरच रोखली, तर उरलेले अंश कोठून आणावयाचे? तरुण, लवचीक शरीर ते छातीच्या भागातून काढते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाचा छातीचा कणा आधीच आखडलेला असतो. त्याच्या बाबतीत ती मागणी कमरेच्या मणक्यांकडे जाते, आणि ते ती पुरवू शकत नाहीत. कमरेतूनच वळावे हा व्हार्डनचा दंडक जर कोणी अक्षरशः अमलात आणला असेल, तर तो या पिढीने.

उलट टोकाचे उदाहरणही विसरता कामा नये. जॅक निक्लॉस याने १९७४ च्या ‘गोल्फ माय वे’मध्ये डावी टाच उचलून श्रोणी मोकळी फिरू द्यावी असे सांगितले होते. तथापि त्याच काळात फटक्यानंतर श्रोणी पुढे रेटून पाठ मागे कमानीसारखी वाकविण्याची ढबही प्रतिष्ठा पावली होती, आणि ती पाठीस घातक असल्याची टीका पुढे झाली. निक्लॉसचा डावा खुबा जानेवारी १९९९ मध्ये बदलावा लागला. एका उदाहरणावरून कार्यकारणभाव जोडणे अशास्त्रीय होईल. चाळीस वर्षे सर्वोच्च पातळीवर खेळलेल्या शरीरात खुबा झिजण्याची अनेक कारणे संभवतात. एवढे मात्र खरे की, फटक्याच्या अखेरीस उजवखोऱ्या खेळाडूची सारी श्रोणी डाव्या खुब्यावर येऊन फिरते, आणि त्या खुब्याची आतील बाजूस वळण्याची क्षमता ही त्या फिरण्याची शेवटची सीमा होय.

त्या सीमेविषयीचा पुरावा २००४ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आला. ज्या व्यावसायिक खेळाडूंना कंबरदुखीचा पूर्वेतिहास होता, त्यांच्यात पुढच्या, म्हणजे लक्ष्याकडील, खुब्याचे आतील वळण कमी असल्याचे आढळले. आखडलेल्या खुब्यामुळे कंबर दुखली की दुखऱ्या कमरेने खुबा आखडला, हे अशा पाहणीवरून ठरविता येत नाही. परंतु शिक्षणाची पद्धत तिच्यानंतर हळूहळू पालटली. पुष्कळ शिक्षक आता प्रथम विद्यार्थ्याला पालथे निजवून त्याचे दोन्ही खुबे किती वळतात ते पाहतात आणि त्यावरून पावले किती बाहेर वळवावयाची ते ठरवितात. होगनचे पाव वळण कोणाला पुरते. कोणाला डावे पाऊल त्याहून अधिक उघडावे लागते. कोणाचे उजवे पाऊलही काटकोनातून सोडवावे लागते, म्हणजे बॅकस्विंगमध्ये श्रोणीला वाट मिळते. डावी टाच उचलण्याची मुभा पुन्हा मिळाली आहे. २०१२ व २०१४ मध्ये मास्टर्स स्पर्धा जिंकणाऱ्या बब्बा वॉटसन या डावखोऱ्या खेळाडूची पुढची टाच तर बॅकस्विंगमध्ये चांगलीच वर येत असे, आणि त्याचे फटके आपल्या काळातील सर्वांत लांब फटक्यांत गणले जात. ‘फाइव्ह लेसन्स’ अजूनही छापले जाते. त्याच्या चित्रांतील काटकोनात ठेवलेले उजवे पाऊल १९५७ मध्ये होते तेथेच आहे.